हिरव्या कंदिलाची वेळ

कुठल्या ना कुठल्या योजनेला ‘हिरवा कंदील’ मिळाला नाही, असा आठवडा मराठी वर्तमानपत्रांत क्वचितच जातो. हा वाक्प्रचार इंग्रजीची उसनवारी म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला तो आक्षेप पटत नाही. इंग्रजांच्या बोलण्यात नुसता हिरवा दिवा आहे. कंदील आपल्या पदरचा. गार्डाच्या हातात दिवसा झेंडी असे आणि रात्री रॉकेलचा हातकंदील. त्याची रंगीत काच फिरवली की तांबड्याचा हिरवा होई. मुंबई-नागपूर मार्गावरच्या मूर्तिजापुरासारख्या जंक्शनवर हे रोजचंच होतं. इथूनच वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी अडीच फूट रुंदीच्या रुळांची ‘शकुंतला’ एकीकडे यवतमाळला, दुसरीकडे अचलपूरला जाई. ज्या गावाने कंदील पाहिला, त्याला हा शब्द परका कसा वाटावा?

माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, त्याच्या वेळेबद्दल आहे. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर घेतलेली, सिग्नल पडलेला, माल चढलेला, माणसं बसलेली. एवढं सगळं झाल्यावर गार्ड कंदील हलवी आणि ड्रायव्हर शिट्टी देई. म्हणजे कंदील ही तयारीची शेवटची पायरी. बातमीत मात्र तो पहिल्याच पायरीवर पेटतो. शकुंतलेच्या रुंदीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि सुमारे दीड हजार कोटींचा आकडा जाहीर झाला. पुढे ती अरुंद गाडीही बंद पडली. मंजुरी खोटी नव्हती; पण मंजुरीला कंदील म्हटलं की वाचणारा मनातल्या मनात डब्यात जाऊन बसतो. भूसंपादन, निविदा, पूल, खडी हे सगळं अजून व्हायचं आहे, हे त्या दोन शब्दांत झाकलं जातं.

यावर कोणी म्हणेल, अर्थ बदलतातच. खुद्द हिरव्याचाही बदलला. इंग्लंडच्या रेल्वेत एके काळी पांढरा दिवा ‘जा’ म्हणून सांगे आणि हिरवा ‘जपून’ म्हणून. तो ‘जा’ सांगू लागला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. खरं आहे. पण तिथे बदल नियमाने झाला आणि गाडी हाकणाऱ्याला तो आधी कळला. बातमीतला बदल नुकसान सोसणाऱ्याला कोणी कळवत नाही. दुसरं असं, की कंदील दाखवणारा गार्ड त्याच गाडीच्या शेवटच्या डब्यात चढे. त्याचा इशारा चुकला तर त्याचाही जीव धोक्यात. फायलीवर सही करणारा त्या गाडीत नसतो. म्हणून कागद हलला तर ‘मान्यता’ म्हणावं, पैसा आला तर ‘तरतूद’ म्हणावं. मराठीत दोन्ही शब्द मुबलक वापरात आहेत. कंदील मात्र गाडी फलाटाला लागेपर्यंत राखून ठेवावा.