व्याख्येचे श्रम

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी बहुचल व सदिश कलनाचे दोन स्वतंत्र वर्ग भरतात. एक सर्वसाधारण, दुसरा 'ऑनर्स'. ऑनर्स म्हणजे तोच विषय अधिक वेगाने आणि अधिक अवघड उदाहरणांसह शिकणे, अशी बाहेरून पाहणाऱ्याची समजूत होते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. सर्वसाधारण वर्गातील विद्यार्थी काही आठवड्यांतच पृष्ठभागांचे उतार काढू लागतो आणि सत्र संपेपर्यंत समाकलांच्या ढिगातून बाहेर पडतो. ऑनर्सचा वर्ग त्या वेळी एखाद्या व्याख्येतील 'प्रत्येक' आणि 'कोणतातरी एक' या शब्दांच्या क्रमापाशीच थांबलेला असतो. हा क्रम बदलला तर विधानाचा अर्थ बदलतो, हे तेथे प्रथम शिकावे लागते.

पुण्याहून गेलेली एक विद्यार्थिनी अशा वर्गात दाखल झाली. बारावीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास तिच्यापाशी होता, आणि तो अनाठायी नव्हता. समाकल समोर आला की कोणते सूत्र लावायचे हे तिच्या हातालाच ठाऊक असे. वर्गाला नेमलेले पुस्तक मायकेल स्पिवाक यांचे 'कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स'. १९६५ साली निघालेले हे पुस्तक दीडशे पानांचेही नाही. शेजारच्या वर्गातील मुले हजारभर पानांचा सचित्र ग्रंथ वाहून नेत. ते पाहून सुरुवातीला तिला आपली सुटका झाल्यासारखे वाटले. मुखपृष्ठावर कोणाच्या तरी हस्ताक्षरातील पत्र छापलेले होते. त्याकडे तिने लक्ष दिले नाही.

पहिला धक्का 'अवकलज' या परिचित शब्दानेच दिला. आजवर अवकलज म्हणजे उतार, म्हणजे एक संख्या. येथे तो एक रेषीय रूपांतरण झाला: दिलेल्या बिंदूच्या निकट त्या फलाची जागा उत्तम प्रकारे घेणारे सरळ रूप. या खटाटोपाची गरज काय, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट झाले. 'एक्स' आणि 'वाय' यांच्या गुणाकाराला त्यांच्या वर्गांच्या बेरजेने भागावे आणि आद्यबिंदूपाशी त्या फलाचे मूल्य शून्य मानावे. आडव्या अक्षावरून चालत आले तर फल सर्वत्र शून्य. उभ्या अक्षावरूनही शून्य. दोन्ही आंशिक अवकलज तेथे अस्तित्वात आहेत आणि दोन्ही शून्य आहेत. परंतु तिरक्या रेषेने, दोन्ही चले समान ठेवून, आले तर आद्यबिंदू सोडून सर्वत्र मूल्य अर्धे राहते. ज्या फलाला तेथे साधे सांतत्यही नाही, ते दोन प्रतिष्ठित दिशांनी पाहणाऱ्याला निर्दोष दिसते. तिने हे उदाहरण वहीत उतरवून घेतले. त्याचा अर्थ तिला नंतर कळला.

दर आठवड्याला प्रश्नसंच द्यावा लागे. पाचव्या की सहाव्या संचात एका सदिश क्षेत्राचा प्रश्न होता: आद्यबिंदूभोवती भोवऱ्यासारखे फिरणारे आणि केंद्रापासून जितके दूर तितके मंद होत जाणारे क्षेत्र. त्याचे एकक वर्तुळावरील समाकल काढावयाचे होते. कर्ल काढला तर तो शून्य येतो, म्हणून ग्रीनच्या प्रमेयाने उत्तर शून्य. दोन ओळींत काम संपले. संच परत आला तेव्हा त्या उत्तरापुढे गुणही शून्य होते आणि समासात तपासनिसाने एकच शब्द लिहिला होता: 'आद्यबिंदू?' तिने वर्तुळावरून प्रत्यक्ष चालत जाऊन समाकल काढले. उत्तर दोन पाय आले. तिने तीनदा पडताळले. प्रमेय खोटे नव्हते, हिशेबही खोटा नव्हता. त्या क्षेत्राला आद्यबिंदूपाशी काही अर्थच नव्हता. वर्तुळाच्या पोटात एक छिद्र होते, आणि प्रमेय ज्या अटीवर उभे असते ती अट त्या छिद्रातून निसटली होती.

सूत्र जेथे लागू नाही तेथे ते आपण निःशंकपणे लावतो, आणि आजवरचे पैकीच्या पैकी गुण कदाचित असे छिद्र प्रश्नपत्रिकेत कधी आलेच नाही म्हणून मिळाले असतील, ही जाणीव सुखद नव्हती. मध्यसत्र परीक्षेत तर निम्मेही गुण पडले नाहीत. सर्वसाधारण वर्गात जाण्याची मुभा अजून होती. रविवारच्या फोनवर तिने आजोबांना तसे सांगितले. आजोबा संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. गणिताशी त्यांचा संबंध मॅट्रिकला सुटलेला. त्यांनी उपदेश केला नाही. "त्या दोन पायचं काय झालं?" एवढेच विचारले. ते तिला अजून सांगता येत नव्हते. वर्ग बदलण्याचा अर्ज त्या आठवड्यात भरला गेला नाही, आणि पुढच्या आठवड्यात मुदत संपली.

सत्राच्या उत्तरार्धात एक विचित्र गुणाकार आला. त्यात घटकांचा क्रम बदलला की चिन्ह बदलते आणि कोणत्याही सदिशाचा स्वतःशी गुणाकार शून्य होतो. या बीजगणिताच्या संदर्भात अध्यापकांनी हेरमान ग्रासमान याचे नाव घेतले. ते तिने फोनवर उच्चारताच आजोबा थबकले. "अगं, कोशकार ग्रासमान? ऋग्वेदाचा?" दोघांनाही प्रथम वाटले, ही नावे सारखी असतील, माणसे निराळी. माणूस एकच होता.

श्टेटिन येथे शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने १८४४ साली विस्ताराच्या शास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तो जवळजवळ कोणी वाचला नाही. प्रकाशकाने उरलेल्या प्रती अखेर रद्दीत काढल्या. विद्यापीठातील जागेसाठी त्याचा विचार झाला तेव्हा कुमर या गणितज्ञाने अभिप्राय दिला, त्याचा आशय असा की सामग्री चांगली पण मांडणी सदोष. जागा मिळाली नाही. १८६२ साली त्याने ग्रंथ नव्याने लिहिला. त्याचीही उपेक्षाच झाली. दरम्यान तो भाषाशास्त्राकडे वळला होता. लागोपाठच्या अक्षरांत दोन महाप्राण आले तर पहिल्याचा महाप्राण लोपतो, म्हणून 'धा' धातूचे रूप 'धधाति' नव्हे तर 'दधाति' होते. हा १८६३ साली मांडलेला नियम आजही त्याच्याच नावाने शिकवला जातो. १८७३ ते १८७५ या काळात त्याचा ऋग्वेदाचा कोश निघाला, आणि तो वैदिक अभ्यासकांच्या हाताशी राहिला. सन्माननीय डॉक्टरेट त्याला भाषाशास्त्रानेच मिळवून दिली. आजोबांनी तो कोश चाळीस वर्षे वापरला होता. नातीच्या वहीतील चिन्हांचा कर्ता तोच, हे त्यांना ठाऊक नव्हते.

एली कार्तान याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रासमानच्या गुणाकारावर बाह्य अवकलजाची कल्पना उभी केली. त्यातून कलनाचे मूलभूत प्रमेय, ग्रीन, गाउस आणि स्टोक्स यांची प्रमेये एकाच विधानात सामावली: एखाद्या रूपाच्या बाह्य अवकलजाचे प्रदेशावरील समाकल म्हणजे त्या रूपाचे प्रदेशाच्या सीमेवरील समाकल. सत्राच्या शेवटी हे प्रमेय फळ्यावर सिद्ध झाले, तेव्हा एक तासही पुरा लागला नाही. विद्यार्थिनीची निराशा झाली. तीन महिने ज्याची वाट पाहिली ते इतके सोपे असावे? स्पिवाक यांनी पुस्तकात याचे कारण देऊन ठेवले आहे: प्रमेय क्षुल्लक ठरते, कारण त्यातील संज्ञांच्या व्याख्या नीट केलेल्या आहेत. अवघडपणा नाहीसा झालेला नसतो. तो प्रमेयातून उठून व्याख्यांत जाऊन बसलेला असतो. ऑनर्सच्या वर्गाने तीन महिने जे केले ते त्या श्रमांची परतफेड होते. आता दोन पायचेही उत्तर तिला देता येत होते. बंद वाटेवरून फिरताना मिळणारी ती संख्या क्षेत्राविषयी जितके सांगते, तितकेच ते क्षेत्र ज्या जागेवर पसरले आहे तिच्यातील छिद्राविषयी सांगते.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. रस, रूपबंध, वास्तववाद, संहिता या संज्ञा समीक्षेत बहुधा सर्वसाधारण वर्गातील सूत्रांप्रमाणे वापरल्या जातात. दोन ओळींत शून्य उत्तर निघते. संज्ञा घडविण्याचे श्रम दुसऱ्या कोणी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या साहित्यासमोर केलेले असतात. ती कोणत्या प्रदेशात अर्थपूर्ण आहे आणि तिचा आद्यबिंदू कोठे आहे, हा प्रश्न समासात क्वचितच लिहिला जातो. अर्थात साहित्यात व्याख्या कधीच तितक्या पक्क्या होणार नाहीत, आणि व्हाव्यातही असे नाही. पक्क्या व्याख्येची स्वतःची हानी असते. केल्व्हिन आणि मॅक्सवेल यांनी या विधानांत वाहणारे द्रव आणि फिरणारे भोवरे पाहिले होते. ऑनर्सच्या फळ्यावरील प्रमेयात पाणी उरत नाही. शेजारच्या वर्गातील सचित्र ग्रंथाने ते जपलेले असते.

अंतिम परीक्षेत तिला मध्यम श्रेणी मिळाली. सुट्टीत पुण्याला निघताना तिने पुस्तक सामानात घेतले आणि मुखपृष्ठावरील पत्र प्रथमच नीट पाहिले. २ जुलै १८५० रोजी केल्व्हिनने स्टोक्सला लिहिलेले ते पत्र. प्रमेय त्यात ताज्या कलमात आले आहे. स्टोक्सने १८५४ साली ते केंब्रिजच्या स्मिथ पारितोषिकाच्या प्रश्नपत्रिकेत घातले. परीक्षार्थींमध्ये मॅक्सवेल होता. म्हणजे प्रमेयाला स्टोक्सचे नाव लागले ते परीक्षकाचे. तिला तपासनिसाचा तो एक शब्द आठवला असावा. घरी पोहोचल्यावर तिने आजोबांपुढे ते पुस्तक ठेवले, आणि आजोबांनी उठून फडताळातून ऋग्वेदाचा कोश काढून त्याच्या शेजारी ठेवला.