शंभरातले सव्वीस

'कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं' हा फॉरवर्ड दर दोन-चार महिन्यांनी आपल्या ग्रुपवर फिरतो. हल्ली त्यात नाव असतं इम्युनोथेरपीचं. म्हणून एका दुर्मीळ कॅन्सरचे खरे आकडे मांडतोय.

मर्केल सेल कार्सिनोमा. त्वचेचा कॅन्सर, बहुतेक उतारवयात होणारा. चेहऱ्यावर, मानेवर लालसर-जांभळी गाठ येते. दुखत नाही, पण भराभर वाढते. पूर्वी तो शरीरात पसरला की केमो द्यायचे. गाठी विरघळायच्या आणि काही महिन्यांतच परत यायच्या.

कॅन्सरची पेशी आपल्या प्रतिकारशक्तीचा ब्रेक दाबून धरते. इम्युनोथेरपीची औषधं तो ब्रेक सोडवतात. त्यातलंच एक अव्हेलुमॅब. केमो घेऊनही आजार वाढलेल्या ८८ रुग्णांना ते दिलं गेलं आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. औषध लागू पडलं तिघांतल्या एकाला. पाच वर्षांनी हयात होते सुमारे २६ टक्के.

आता याला रामबाण म्हणायचं का? मुळीच नाही. शिवाय ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधी स्वतःच्याच थायरॉइडवर, फुप्फुसांवर, आतड्यांवर उलटते. पण ज्यांना औषध लागू पडलं, त्यांच्यातल्या निम्म्यांना गुण तीन वर्षांहून जास्त टिकला. जिथे हिशेब महिन्यांत व्हायचा, तिथे तो वर्षांत होऊ लागला.

दुसरं औषध पेम्ब्रोलिझुमॅब. ते ५० जणांना केमोच्या आधीच, पहिला उपचार म्हणून दिलं. निम्म्याहून जास्त जणांच्या गाठी आटल्या, तीन वर्षांनी सुमारे ५९ टक्के हयात. दोन्ही अभ्यास वेगळे, रुग्ण वेगळे, त्यामुळे थेट तुलना नको. तरी आता डॉक्टर हा उपचार आधी द्यायला बघतात, शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवत नाहीत.

आपल्याकडे गाडी अडते ती पैशांवर. उपचाराचा खर्च लाखांच्या घरात, आणि तो महिनोन्‌महिने चालतो. शेत विकून किती डोस होणार?

इथे मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचं काम मोलाचं आहे. तोंड-घशाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला. कमी मात्रेतल्या केमोच्या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब दिलं, तेही फक्त २० मिलिग्रॅम, नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहून कमी. वर्षभरानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. हा निकाल मर्केलला जसाच्या तसा लागू होत नाही. पण गुटख्याने पोखरलेल्या आपल्या तालुक्यांना तो नक्की लागू आहे.

तेव्हा पुढचा फॉरवर्ड आला की दोनच गोष्टी विचारा: शंभरातल्या किती जणांना, आणि किती वर्षं? आणि पुढारी आरोग्य शिबिराची फीत कापायला आले की तिसरा प्रश्न त्यांना: हे औषध कुठल्या सरकारी योजनेत बसतं, साहेब?