गाडी झोपते, घड्याळ जागतं

आईच्या ऑपरेशनसाठी सहा आठवडे पुण्याला राहून डब्लिनला परतलो, तर दारातली गाडी रुसलेली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टिक्’! थंडीचा दोष थोडा. पण गाडी झोपली तरी अलार्म अन् घड्याळ जागीच असतात, थेंबथेंब वीज पितात. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४च्या खाली फार दिवस राहिली तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती पुरती सावरत नाही.

शेजारचे आजोबा केबल घेऊन आले. लाल दोन्ही धन टोकांना, काळी त्यांच्या बॅटरीच्या ऋण टोकाला; शेवटचा चिमटा मात्र आमच्या इंजिनच्या उघड्या धातूला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको!

“आता तासभर फिरवून आण,” ते म्हणाले. (तासाभरात पूर्ण भरत नाही हो, रात्री चार्जर लावावाच लागतो.) निघालो ते मेनूथला. इथल्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात निकोलस कॅलन हे धर्मगुरू विज्ञान शिकवत. त्यांनी १८३६ साली इंडक्शन कॉइल बनवली. पेट्रोल गाडीतली इग्निशन कॉइल तिचीच नात. पुढे महाग प्लॅटिनमऐवजी ओतीव लोखंड वापरून त्यांनी स्वस्त बॅटऱ्याही केल्या. आपल्या शिवकाशीच्या नव्हे, पण नाशिकच्या कारखानदाराला शोभेल असा हिशेब!

सौ. म्हणाली, “उतरून कॉलेज बघूया ना.” इंजिन बंद करायचा धीर होईना. पुणं-डब्लिनच्या गप्पा मारत तसेच पुढे गेलो.