पंधरा सेकंद

गेल्या आठवड्यात विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीचा त्यांचा तास माझ्या गळ्यात पडला. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकचे आणि पुढे चित्रकलेच्या पदविकेचे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पण समोर न्यूटन उभा राहिला की कादंबरी कामाला येत नाही. धडा गतीच्या नियमांचा होता. "सर, त्वरण म्हणजे नक्की काय?" असे एका मुलीने विचारले, तेव्हा व्याख्या वाचण्याऐवजी मी फळ्यावर दोन मोटारी काढल्या. एक फियाट आणि एक मारुती. मोटारी झकास उतरल्या. मुले खूश झाली. मला मात्र दिवसभर दुसरे काही सुचले नाही.

फियाट आजोबांची. ते गेल्यावर 1989 साली घराची वाटणी झाली. काकांनी आपला वाटा रोख घेतला आणि पुण्याला मारुती 800 विकत घेतली. आमच्या वाट्याला फलटणचे घर, फियाट आणि आजी. यात तक्रारीचा सूर कोणी काढला नाही. निदान शब्दांत तरी नाही. पण पुढे दोघे भाऊ भेटले की घराविषयी अवाक्षर निघत नसे आणि मोटारींविषयी मात्र तासन्‌तास वाद चाले.

"तुझी ती साबणाची डबी!" बाबा म्हणत.

"दादा, डबी का होईना, सिग्नल पडला की तुझ्या फियाटच्या आधी सुटते."

खरे तर दोन्ही गाड्यांची ताकद जवळजवळ सारखी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाटचे इंजिन 1089 सी.सी.चे, चार सिलिंडरचे; शक्ती सुमारे 40 अश्वशक्ती. गुडगावच्या मारुतीचे 796 सी.सी.चे, तीनच सिलिंडरचे. शक्ती तेवढीच, किंबहुना थोडी कमीच. मग मारुती पुढे का जावी? कारण वजन. फियाट 900 किलोच्या आसपास, मारुती 650च्या. घोडे तितकेच, पण टांगा हलका! शिवाय फियाटचा गिअरचा दांडा स्टिअरिंगला जोडलेला. बाबा तो खाली-वर करताना शाईचा टाक दौतीत बुडवावा तसे सावकाश करीत. मारुतीचा दांडा दोन बैठकींच्या मधे, आखूड. काका मनगटाच्या एका झटक्यात काम उरकत.

1990च्या भाऊबीजेला आत्या आमच्याकडे आली होती, काका-काकूही आले. ओवाळणी झाली, जेवणे झाली, आणि पान लावता लावता वाद पुन्हा पेटला. आत्या वैतागून म्हणाली, "एकदाचा निकाल लावा बाई! निदान पुढच्या वर्षी दुसरं काही बोलाल." शाळेच्या खेळाच्या मास्तरांकडून स्टॉपवॉच आणले गेले आणि आमची वरात लोणंदच्या रस्त्यावर निघाली. उभी गाडी एका दगडापासून सोडायची आणि 200 मीटरवरच्या दुसऱ्या दगडापर्यंत वेळ मोजायचा. चुलतभावाने रुमाल टाकायचा, मी घड्याळ दाबायचे. मी तेव्हा दहा वर्षांचा. इतक्या मोठ्या अधिकाराची जागा मला त्यानंतर आजवर मिळालेली नाही.

पहिली खेप एकेकट्याने. मारुती 13.5 सेकंद, फियाट 15. काकांनी हसू दाबले. बाबा म्हणाले, "रिकामी गाडी कोणीही पळवील. भरून बघ."

मग आई, काकू, आत्या आणि आजी अशा चौघीजणी आधी मारुतीत आणि नंतर फियाटमध्ये बसणार होत्या. आज फळ्यावर हिशोब मांडला तेव्हा कळले, की बाबांचे म्हणणे अगदीच हट्टाचे नव्हते. चौघींचे मिळून सव्वादोनशे किलो धरा. फियाटला हे ओझे स्वतःच्या वजनाच्या चौथाईइतके, मारुतीला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. म्हणजे ओझ्याने दोन्ही मंदावणार, पण हलकी जास्त मंदावणार. अंतर कमी होईल; मिटणार मात्र नाही.

भरलेल्या मारुतीने 15 सेकंद घेतले. मग फियाट निघाली. दुसरा गिअर पडला तेव्हा तिचा तो ओळखीचा घरघराट कानी आला. पुढच्या सलग बैठकीवर बाबांच्या शेजारी आजी, दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरून बसलेली. काटा 15वर आला तेव्हा गाडी अजून बाभळीपाशी होती, दगडापासून चांगली पंचवीस पावले अलीकडे. माझा अंगठा आपोआप दाबला गेला. आपोआप असे म्हणतो. पस्तीस वर्षे असेच म्हणत आलो आहे.

"पंधरा!" मी ओरडलो. "दोघांना पंधरा!"

बाबांनी घड्याळ हातात घेऊन पाहिले, मग बाभळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते काही बोलले नाहीत. काकांनी मात्र दिलदारपणे त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मानलं दादा. भरल्या गाडीला आपण सारखे."

"सारखे ना?" बाबा म्हणाले. "मग आईला चार महिने घेऊन जा."

त्या रस्त्यावर क्षणभर कोणी बोलेना. काकूने पदर सारखा केला. आजी फियाटच्या दारात पाय बाहेर टाकून बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही, तिनेच विचारले, "थंडीचं लुगडं घ्यायला लागेल ना रे? पुण्याला गारठा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पत्र्याची ट्रंक मारुतीच्या डिकीत मावेना, म्हणून ती चुलतभावाच्या मांडीवर दिली. मी ओट्यावर उभा होतो. खरा आकडा सांगायला तो शेवटचा वेळ होता. तो माझ्या जिभेवर आलाही होता. पण बाबा माझ्या शेजारीच उभे होते आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

काकांनी गाडी सुरू केली. मागच्या काचेतून आजीचा हात हलताना दिसला. पहिला गिअर, लगेच दुसरा, आणि मारुती आमच्या बोळाच्या तोंडाशी पोचून वळलीसुद्धा. फियाट असती तर तो हात मला आणखी एक-दोन सेकंद दिसला असता.