डब्लिन ते किलार्नी : हर्लिंग शिकणाऱ्या मुलांची उन्हाळी शिबिरे

आयर्लंडच्या प्राथमिक शाळांना जून संपताना सुटी लागते. लगेच गावोगावच्या क्लबच्या मैदानांवर ‘कूल कॅम्प्स’ भरू लागतात. सहा ते तेरा वर्षांची मुले-मुली सोमवार ते शुक्रवार तिथे हर्लिंग हा काठी-चेंडूचा खेळ, त्याचेच मुलींसाठीचे रूप असलेली कमोगी आणि गेलिक फुटबॉल शिकतात. ऑगस्टअखेरपर्यंत हा क्रम चालतो. शिबिरांमागे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था आहे.

ही शिबिरे समजून घेण्याचा प्रवास डब्लिनच्या क्रोक पार्कपासून सुरू करावा. ब्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांचे हे स्टेडियम असोसिएशनचे मुख्य ठिकाण. अखिल आयर्लंड अंतिम सामने इथेच होतात, पण त्यात उतरणाऱ्या खेळाडूंना मानधन नसते. शिक्षक, शेतकरी, नोकरदार अशी ही माणसे आपापल्या गावच्या क्लबमधून वर आलेली असतात. क्लबमध्ये नवी मुले आली नाहीत तर वरचा सगळा डोलारा कोसळेल, म्हणूनच या शिबिरांचे मोल मोठे.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून कॉर्ककडे जाणारी गाडी टिपररी परगण्यातल्या थर्लस गावी थांबते. याच गावातल्या हेज हॉटेलात 1 नोव्हेंबर 1884 रोजी मायकल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असोसिएशनची स्थापना केली. ब्रिटिश अमलात मागे पडत चाललेले देशी खेळ पुन्हा उभे करणे, हा त्यांचा हेतू होता. हा सगळा हर्लिंगचा मुलूख. 2018 साली युनेस्कोने हर्लिंगला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

इथल्या मैदानावर शिकवणीची सुरुवात काठी धरण्यापासून होते. ही काठी, म्हणजे हर्ली, अ‍ॅश झाडाच्या लाकडाची आणि टोकाला चपटी असते. मुलाच्या कमरेइतक्या उंचीची काठी निवडतात. जोरकस हात वर आणि दुसरा खाली, ही पकड बसली की चेंडू उचलण्याचा सराव. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायला नियमाने मनाई आहे, त्यामुळे मूल वाकते, काठीचे चपटे टोक चेंडूखाली सरकवते आणि झटक्याने तो हातात घेते. चेंडू निसटतो, पुन्हा निसटतो. शिकवणारा तरुण खेळाडू शेजारी गुडघे टेकून पायांची ठेवण तेवढी सुधारतो. पुढचा टप्पा आणखी अवघड : चेंडू काठीवर तोलून धावणे. डोक्यावर जाळीचे हेल्मेट मात्र सक्तीचे असते आणि त्याबाबत तडजोड नाही, हे योग्यच आहे.

मॅलोला गाडी बदलून किलार्नीला पोहोचले की केरी परगणा लागतो. इथे राज्य गेलिक फुटबॉलचे. चेंडू हातात घेऊन चार पावलांहून अधिक धावता येत नाही, तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाने टोलवून पुन्हा हातात घ्यावा लागतो. सलग दोनदा आपटणे चालत नाही. लहान मुले सुरुवातीला पायाकडे बघतच धावतात; मान वर करून साथीदार शोधणे सरावानेच येते.

लहान वयोगटात संघ छोटे ठेवतात आणि प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळवतात. कौशल्य येण्याआधी हारजीत आणली तर दुबळी मुले बाजूला पडतात आणि मैदान सोडतात, म्हणून ही पद्धत मोलाची. पूर्वानुभवाची अट नसल्याने बाहेरून येऊन आयर्लंडमध्ये वसलेल्या कुटुंबांनाही ही शिबिरे खुली आहेत. तिथल्या मराठी पालकांनी वसंतातच जवळच्या क्लबकडे चौकशी करावी आणि मुलांना एक आठवडा तरी जरूर पाठवावे.