‘खड्डा!’ म्हणून ओरडायला शिकलो

सायकल चालवताना तुम्हाला कुणाची सोबत लागते का? मला विचारलं असतंत, तर माझं उत्तर ठरलेलं होतं : छे, एकटंच बरं! पहाटे उठायचं, टायरमधली हवा बघायची आणि स्वारगेटहून सिंहगडाच्या वाटेला लागायचं. कुणासाठी थांबणं नको, कुणाची वाट बघणं नको. आपणच राजे!

एके दिवशी शेजारच्या, नववीतल्या मुलीनं गळ घातली, “काका, रविवारी आमच्या ग्रुपबरोबर चला ना!” आठ-दहा जणांचा तो ग्रुप. ‘या पोराटोरांना माझा वेग झेपणार आहे का?’ असं मनात म्हणतच मी गेलो.

आषाढातली ओली सकाळ होती. सगळे एकामागे एक चाललो होतो. माझ्या मागेच ती मुलगी. खडकवासल्याच्या अलीकडे पुढ्यात खड्डा दिसला आणि सवयीप्रमाणे मी झटकन हँडल वळवलं. मागे धप्पकन आवाज झाला. बघतो तर काय, ती खाली पडलेली! हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण गुडघा चांगलाच सोलवटला होता.

“कशी गं पडलीस?” सगळ्यांनी विचारलं.

“माझंच लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. आणि मी? मी गप्प बसलो!

खरं म्हणजे मागच्याला रस्ता दिसतच नाही. त्याला दिसते पुढच्याची पाठ आणि त्याचं चाक. म्हणून पुढच्यानं ओरडून सांगायचं, हातानं खड्डा दाखवायचा, अचानक ब्रेक लावायचा नाही. पुढचा माणूस म्हणजे मागच्यांचे डोळे. एकट्यानं फिरणाऱ्या मला हे सुचणार कुठून?

धरणापुढे समोरून वारा सुटला. माझी दमछाक झाली, मी मागे पडू लागलो. तेवढ्यात ती गुडघ्याला पट्टी बांधलेली मुलगी पुढे आली. “काका, माझ्या मागे या!” आणि काय सांगू, पायडल एकदम हलकं झालं! सपाट रस्त्यावर वेगात जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त श्रम वाचतात. म्हणूनच पुढे राहण्याची पाळी सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी करू शकले, तेही आळीपाळीनं सायकल चालवूनच.

पण त्या आडोशात मला सुख लागेना. जिला मी पाडलं, तीच माझ्यासाठी वारा झेलत होती. वर आणि प्रत्येक खड्ड्याला ओरडतही होती!

गडाच्या पायथ्याशी चहा घेताना शेवटी सगळ्यांसमोर म्हटलं, “ती माझ्यामुळे पडली. खड्डा दिसला होता, पण मी सांगितलं नाही.”

ती हसली. “मला ठाऊक होतं, काका. परत जाताना पुढे तुम्ही!”

येताना मी इतका ओरडलो, की घरी पोचेपर्यंत घसा बसला. अजूनही मी कधीकधी एकटा जातो, तेही आवडतं. पण खड्डा दिसला की तोंडातून आपोआप निघतं, “खड्डा!” आणि मागे वळून बघतो, कुणी येतंय का.