बाबांचं प्लॅटिनम आणि चार वाजताचं चेकआउट

परगावी पीजीत राहणाऱ्या मुलींना एक प्रश्न हमखास पडतो. आईबाबा भेटायला आले, तर त्यांना ठेवायचं कुठे? बेंगळुरूतल्या माझ्या पीजीत दोघींची मिळून एक खोली आहे आणि रात्री नऊनंतर कोणाही पाहुण्याला प्रवेश नाही. आईबाबा म्हणजे पाहुणेच. तुमची मुलगी किंवा मुलगा नोकरीसाठी बाहेर असेल, तर हे तुम्हाला नवीन नाही.

मी जवळचं एक साधं, स्वच्छ हॉटेल बघून ठेवलं होतं. कर धरून दिवसाला 3,900 रुपये. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "छे! साधं हॉटेल कशाला? मी प्लॅटिनम आहे."

तर आधी हे प्लॅटिनम प्रकरण सांगते. मोठ्या हॉटेल साखळ्या आपल्याकडे वारंवार राहणाऱ्यांना दर्जा देतात. ही कल्पना मूळची विमान कंपन्यांची. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये तशी योजना सुरू केली आणि 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी ती हॉटेलांत आणली. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, दर्जा मात्र रात्री मोजून मिळतो. उदाहरणार्थ, मॅरियट बॉनवॉयमध्ये वर्षाला 25 रात्रींना गोल्ड, 50 ला प्लॅटिनम, 75 ला टायटेनियम. हयातच्या योजनेत सगळ्यात वरचा दर्जा 60 रात्रींना. (फोन करून आपल्याला जी वर्षाची फी भरायला सांगतात, ती जेवणावर सवलत देणारी सदस्यत्वं वेगळी. दोन्हींत गल्लत करू नका, माझ्या मामाने केली होती.)

बाबांचं कार्ड कुठल्या साखळीचं ते इथे सांगत नाही, नियम सगळीकडचे थोडेफार सारखेच असतात. ते इंदूरजवळ पीथमपूरला पॅकेजिंगची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात होते. मशीन विकायचं, बसवून द्यायचं, बिघडलं की धावायचं. माझ्या लहानपणी ते लॉजमध्ये राहायचे. बढती मिळाल्यावर, शेवटची आठ वर्षं, कंपनीने एका मोठ्या साखळीशी दर ठरवून घेतला आणि बाबा चेन्नई, हैदराबाद, पुणे असे चकचकीत हॉटेलांत राहू लागले. पैसे कंपनी भरायची, रात्री बाबांच्या खात्यात जमा व्हायच्या. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी ते अशाच एका हॉटेलात होते. माझ्या शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोंत बाबा एकदाही नाहीत.

आम्ही कधी त्यांच्याबरोबर गेलो नाही. सुट्टीत ते घरीच राहायचे. हॉटेल म्हटलं की त्यांना कंटाळा यायचा. ते निवृत्त झाले आणि लक्षात आलं, की दर्जा फेब्रुवारीअखेरपर्यंतच आहे. एका वर्षी मिळवलेला दर्जा साधारण पुढचं वर्षभर चालतो, मग नव्या रात्री नसतील तर खाली येतो. आता नव्या रात्री कुठून येणार?

संक्रांत नुकतीच झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, रविवारी रात्रीच्या विमानाने इंदूरला परत, असं ठरलं. इथे एक उपयोगाची गोष्ट. ऑफिसांच्या भागातल्या हॉटेलांत सोमवार ते गुरुवार गर्दी असते, शुक्रवार-शनिवारी दर बऱ्याचदा उतरतात. पर्यटनाच्या गावी याच्या अगदी उलट. आम्हाला खोली 11,500 ला मिळत होती, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 13,570 रुपये. मी एका बुकिंग ॲपवर तीच खोली 900 रुपयांनी स्वस्त शोधली आणि खूश होऊन बाबांना पाठवली. त्यांनी लगेच फोन केला, "अगं, तिथून घेतलं तर माझा दर्जा धरतच नाहीत. थेट हॉटेलच्या साइटवरूनच घ्यायचं." हे खरं आहे. दुसऱ्यांच्या ॲपवरून घेतलेल्या खोलीवर बहुतेक साखळ्या ना पॉइंट देतात, ना दर्जाचे फायदे. फायदे वापरणार असाल तर थेट घ्या, नसाल तर ॲपवरचे 900 रुपये वाचवा.

पॉइंटांचा हिशेब मी केला. बाबांच्या खात्यात 26,000 पॉइंट उरले होते, बाकीचे दादाच्या लग्नात पाहुण्यांच्या खोल्यांवर संपले. या हॉटेलात एका रात्रीला 20,000 पॉइंट लागत होते. 13,570 ला 20,000 ने भागा, एका पॉइंटचे सुमारे 68 पैसे झाले. हा भागाकार दर वेळी करून बघायचा. दुसऱ्या हॉटेलात तोच पॉइंट 40 पैशांचाही निघू शकतो आणि मग रोख भरलेलं बरं. आणि पॉइंट सांभाळून ठेवायची वस्तू नाही. बॉनवॉयमध्ये खात्यात 24 महिने काही हालचाल झाली नाही तर ते बुडतात.

एक रात्र पॉइंटांवर, एक रोख. माझ्यासाठी जादा पलंग, कर धरून रात्रीला 1,770. एकूण 17,110 रुपये. साध्या हॉटेलापेक्षा नऊ हजारांहून जास्त. हे मला महाग वाटलं, आणि तसं मी बाबांना सांगितलंही.

"फायदे बघ की किती आहेत," बाबा म्हणाले. त्यांना ते पाठ होते. मोठी खोली, जमलं तर सूट, दोघांचा नाश्ता, लाउंजमध्ये संध्याकाळचा फराळ, दुपारी चारला चेकआउट.

आईला त्यांनी 'सूट मिळेल' असं सांगून ठेवलं होतं. काउंटरवर कळलं, की हॉटेलात लग्न आहे आणि सगळे सूट वऱ्हाडाने घेतले आहेत. आम्हाला वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली. खोली सुंदर होती, दोन बाजूंना खिडक्या. पण बाबांचा चेहरा पडला. या योजनांमधला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'उपलब्धतेनुसार'. खोली वाढवून मिळणं याच शब्दावर लटकलेलं असतं. हक्काचं काय आणि उपलब्धतेनुसार काय हे आधी वाचा आणि घरच्यांना फक्त हक्काचं तेवढं सांगा.

दुसरा शब्द आहे 'सदस्य आणि एक पाहुणा'. आम्ही तिघं. लाउंजच्या दारात बसलेल्या मुलीने फार नम्रपणे सांगितलं, की तिसऱ्या व्यक्तीचे वेगळे पैसे पडतील. बाबा मला म्हणाले, "तू आणि आई जा, मी बसतो खोलीत." पण सदस्य स्वतः हजर असावा लागतो. मग पाकीट काढायला लागले. मी नको म्हटलं. मला तसाही एक लेख रात्रीपर्यंत पाठवायचा होता. विषय होता, 'घरच्या घरी फाइव्ह स्टार बेडरूम'. खोटं सांगत नाही.

तासाभराने दोघं वर आली. आई जरा गप्पच होती. रात्री बाबा झोपल्यावर तिने सांगितलं. लाउंजमध्ये छोटी सँडविचं, समोसे, पनीर, केकचे तुकडे असं बरंच काही मांडलं होतं. बाबांनी तिला मशीनमधून कॉफी कशी घ्यायची ते दाखवलं, मग खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसवलं. तिने सहज विचारलं, "अहो, हे खाऊन मग खाली जेवायला जायचात का तुम्ही?"

"जेवायला कुठलं? यावरच भागवायचो. जेवणाचा भत्ता वाचायचा."

आठ वर्षं. दिवसाचा भत्ता वाचवून. माझी कॉलेजची फी त्याच वर्षांतली. आई पुढे काही बोलली नाही, मीही नाही. पण मी दुपारभर वहीत ज्या फायद्यांची किंमत मांडत होते, त्यात लाउंजसमोर '600 रुपये, दोघांचं रात्रीचं जेवण' असं लिहिलं होतं. ती ओळ मी तशीच ठेवली. बदलून काय लिहिणार होते?

दुसऱ्या दिवशी आईने पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला. ती इंदूरहून निघते तेव्हा सामानाचं वजन तिच्या खाऊचंच असतं. संध्याकाळी लाउंजमध्ये जाताना दारातल्या त्या मुलीला तिने दोन लाडू दिले आणि हिंदीत समजावलं, की आमच्यात हे देऊन गोड बोला म्हणतात. ती मुलगी हसायलाच लागली. कर्नाटकातही संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात, तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबरं, आणि देताना म्हणायचं तेही तेच, तीळगूळ खा आणि चांगलं बोल. मग तिने विचारलं, "तुमची मुलगी कुठे आहे?" आणि मला फोन करून बोलावून घेतलं. पैसे घेतले नाहीत. हे नियमात नव्हतं आणि दुसऱ्या कुठे कोणी असं करेलच असं नाही, म्हणून हे फायद्यांच्या यादीत धरू नका. बाबांनी मात्र तिसरी खुर्ची स्वतः ओढून आणली.

नाश्त्याची गंमत सांगायची राहिली. हॉटेलात नाश्त्याचा दर माणशी 1,100 अधिक कर, म्हणजे दोघांचा जवळपास 2,600 रुपयांचा नाश्ता फुकट. शनिवारी आईबाबा तिथे जेवले म्हणा ना, आणि मी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत जाऊन आले. दर्शिनी म्हणजे इथली उभ्याने खायची उडप्यांची हॉटेलं. रविवारी आईने जाहीर केलं, "मला हिच्याबरोबर इडली खायची आहे." तिघांची इडली-वडा आणि फिल्टर कॉफी, बिल 210 रुपये. बाबा उभ्याने खाताखाता दोनदा म्हणाले, "अगं, तिकडे दोन हजार सहाशे रुपये सोडून आलोय आपण."

त्यावर आईने दुसरा वडा मागवला.

पण मुद्दा हाच आहे बघा. हॉटेल ज्या किमतीला नाश्ता विकतं ती त्याची तुमच्यासाठी किंमत नसते. फुकट मिळाला नसता तर तुम्ही खिशातून किती दिले असते? आम्ही 210 दिले असते. मग आमच्यासाठी तो फायदा दोनशे-अडीचशेचाच. माझ्या वहीत तरी असंच निघालं. दोन संध्याकाळचे बाराशे, एका नाश्त्याचे दीडशे, कोपऱ्यातल्या खोलीचे मी उदार होऊन हजार धरले. जादा गेलेल्या नऊ हजारांच्या जवळपासही बेरीज पोचत नाही.

म्हणून तुम्ही विचाराल, की आपणही असा दर्जा मिळवावा का, तर माझं मत, त्यासाठी म्हणून नाही. वर्षातून दोनदा फिरायला जाणाऱ्या कुटुंबाच्या चार-सहा रात्री होतात. पन्नास कुठे आणि सहा कुठे! क्रेडिट कार्डाने सोपं होतं असं सांगतात. एचडीएफसी बँकेने 2023 मध्ये मॅरियटचं कार्ड आणलं, वर्षाची फी 3,000 अधिक कर. त्यावर सुरुवातीला एक मोफत रात्र आणि सिल्व्हर दर्जा मिळत होता. ती रात्र तुम्ही खरंच वापरणार असाल तर फी वसूल होऊ शकते. पण सिल्व्हरमध्ये नाश्ता नाही आणि लाउंजही नाही. दर्जाच्या नुसत्या नावावर जाऊ नका. घरात कोणाची फिरतीची नोकरी असेल, तर मात्र त्यांची कंपनी कुठे उतरवते ते विचारा आणि आजच खातं उघडायला लावा. त्या रात्री त्यांच्या बाहेरच जाणार आहेत, निदान खात्यात तरी दिसू देत. आणि दर्जा संपायच्या आत एकदा तरी घरच्यांना घेऊन जा.

राहता राहिलं चेकआउट. एरवी बारा वाजता खोली सोडायची आणि आमचं विमान रात्री साडेआठचं. बेंगळुरूचा विमानतळ शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, तिकडे निघायचं साडेचारच्या सुमाराला. साध्या हॉटेलात असतो तर मधले साडेचार तास आम्ही बॅगा घेऊन कुठल्यातरी मॉलमध्ये काढले असते आणि आईच्या गुडघ्यांनी ते सहन केलं नसतं. वहीत या ओळीपुढे मी आकडा लिहिलाच नव्हता, कारण काय लिहायचं ते सुचलं नाही.

इडली खाऊन, थोडं फिरून आलो आणि आई आडवी झाली ती गाढ झोपली. घरी ती दुपारी झोपत नाही. कामवाली येते, मग कुकर, मग कोणीतरी बेल वाजवतं. मी पडदे ओढले. बाबा खुर्चीत बसून फोनवर त्या साखळीचं ॲप बघत होते, तिथे अजून प्लॅटिनम दिसत होतं. खाली फेब्रुवारीची तारीख.

पावणेचार वाजले तशी मी आईला उठवायला गेले. बाबांनी हातानेच थांबवलं.

"राहू दे," ते हळू आवाजात म्हणाले, "अजून पंधरा मिनिटं आहेत आपली."